धाप आणि नेम : बायथलॉन या खेळाची ओळख



शाळेच्या स्नेहसंमेलनातली सुईदोऱ्याची शर्यत तुम्ही पाहिली असेल. कदाचित तिच्यात धावलाही असाल. मैदानाच्या एका टोकाला मुले रांगेने उभी. मध्यावर प्रत्येकासाठी एका कागदावर सुई आणि दोरा ठेवलेला. शिट्टी झाली की पळत जायचे, सुईत दोरा ओवायचा आणि ओवलेली सुई हातात धरून पलीकडची रेघ गाठायची.

मी सहावीत असताना या शर्यतीत सुईपाशी सर्वांच्या आधी पोहोचलो. पण छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती, बोटे कापत होती आणि दोऱ्याचे टोक नेढ्याच्या कधी डावीकडून तर कधी उजवीकडून मुडपून जात होते. माझ्या मागून आलेली एक मुलगी शांतपणे खाली बसली, तिने दोऱ्याचे टोक ओले करून पिळले, ओवले आणि ती निघूनही गेली. माझा नंबर पाचवा आला. आमचे गुरुजी म्हणाले, "पळालास झकास रे, पण थांबलास कुठं?"

त्या दिवशी मला गुरुजींचा रागच आला. पळण्याच्या शर्यतीत थांबायचे कशाला? पुढे कितीतरी वर्षांनी मी बायथलॉन नावाचा खेळ पडद्यावर पाहिला, आणि गुरुजींच्या प्रश्नाचा अर्थ तेव्हा ध्यानात आला. आज त्याच खेळाची ओळख मी तुम्हांला करून देणार आहे. हा खेळ बर्फाळ देशांतला. आपल्याकडे तो रुजलेला नाही. तरीही सुईदोऱ्याची शर्यत पाहिलेल्या माणसाला तो समजायला मुळीच अवघड नाही.

'बाय' म्हणजे दोन, हा लॅटिन शब्द. 'आथलॉन' म्हणजे स्पर्धा, हा ग्रीक शब्द. दोन स्पर्धांचा एक खेळ तो बायथलॉन. त्यातली पहिली स्पर्धा बर्फावरून स्कीने धावण्याची आणि दुसरी रायफलने नेम मारण्याची. स्की म्हणजे पायांना बांधायच्या लांब, अरुंद, पुढे किंचित वळलेल्या पट्ट्या. त्यांच्यामुळे पाय भुसभुशीत बर्फात रुतत नाही आणि माणूस घसरत पुढे जातो. दोन हातांत दोन काठ्या असतात. त्या रोवून अंग पुढे रेटायचे. उतारावर हे सोपे दिसते, पण बायथलॉनची वाट चढउतारांची असते. चढावर पाय, पाठ, दंड, पोट अशी सगळ्या अंगाची एकदम परीक्षा होते. दम लागण्याच्या बाबतीत याच्याइतके कठीण खेळ फार थोडे.

आता या धावणाऱ्याच्या पाठीवर एक रायफल ठेवा. तिचे वजन निदान ३.५ किलो असलेच पाहिजे, असा नियम आहे, आणि ती सबंध शर्यतभर पाठीवरच वागवायची असते. गोळी लहान, पॉइंट टू टू जातीची. रायफलला दुर्बीण लावायला परवानगी नाही. डोळ्यापाशी बारीक भोकाची चकती आणि नळीच्या टोकाला माशी, एवढ्यावरच नेम धरायचा. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप चढत नाही. दर वेळी हाताने दांडी मागे-पुढे करून ती चढवावी लागते.

वाटेत चांदमारीची जागा येते. तिथे ५० मीटरवर एका ओळीत पाच काळी लक्ष्ये असतात. पाच लक्ष्ये आणि पाच गोळ्या. एकदा पालथे पडून नेम धरायचा आणि एकदा उभ्याने. उभ्याने मारताना ११५ मिलिमीटर व्यासाचे सगळे वर्तुळ लक्ष्य धरतात. ते साधारण आपल्या मोठ्या वाटीच्या तोंडाएवढे झाले. पालथे पडून मारताना मात्र त्याच वर्तुळाचा मधला ४५ मिलिमीटरचा भाग तेवढा खरा. तो लिंबाएवढा समजा.

पन्नास मीटरवरचे लिंबू केवढे दिसते? साधा हिशेब आहे. हात लांब केला की बोटांचे टोक डोळ्यापासून सुमारे ६० सेंटिमीटरवर येते. तेवढ्या अंतरावर धरलेला मोहरीचा दाणा जेवढा दिसेल, तेवढे उभ्याने मारायचे लक्ष्य दिसते. आणि पालथे पडून मारायचे लक्ष्य खसखशीच्या दाण्याएवढे, किंबहुना त्याहूनही बारीक. शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. फळ्यावर आकडे लिहून जे कळत नाही, ते एका मोहरीने कळते.

आता एक शर्यत आपण सोबतच पाहू. पुरुषांची १० किलोमीटरची स्प्रिंट घ्या. स्त्रियांसाठी हीच शर्यत ७.५ किलोमीटरची असते. खेळाडू ठरावीक अंतराने एकेक करून सुटतात. वाटेचे तीन वळसे असतात. पहिला वळसा संपला की चांदमारीवर यायचे, काठ्या खाली टाकायच्या, रायफल पाठीवरून काढायची, चटईवर पालथे पडायचे आणि पाच गोळ्या मारायच्या. पुन्हा दुसरा वळसा. या खेपेला पाच गोळ्या उभ्याने. मग शेवटचा वळसा घेऊन अंतिम रेघ.

नेम लागला की काळ्या लक्ष्याच्या जागी पांढरे दिसू लागते. दूर बसलेल्या प्रेक्षकालाही एकेक वर्तुळ पांढरे होताना दिसते, त्यामुळे निकाल कोणी सांगावा लागत नाही. जितके काळे उरतील तितक्या दंडाच्या फेऱ्या. चांदमारीच्या शेजारीच १५० मीटरचा एक गोल आखलेला असतो. एक नेम चुकला तर एक फेरी, दोन चुकले तर दोन. चांगल्या खेळाडूलाही एका फेरीला वीस ते तीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात त्याचे प्रतिस्पर्धी पुढे निघून जातात, आणि हा आपला जागच्या जागी गोल फिरत असतो.

सर्वांत जुना प्रकार लांब पल्ल्याचा : पुरुषांना २० आणि स्त्रियांना १५ किलोमीटर, आणि चार वेळा नेमबाजी. त्यात दंडाची फेरी नसते. चुकलेल्या प्रत्येक नेमाला थेट १ मिनिट वेळेत मिळवतात. तिसरा प्रकार पाठलागाचा. आधीच्या शर्यतीत जो जितक्या सेकंदांनी मागे राहिला, तितक्या सेकंदांनी तो उशिरा सुटतो. जो रेघेवर पहिला पोहोचेल तो जिंकला. चौथ्या प्रकारात सगळे एकदम सुटतात. पाचवा प्रकार चौघांच्या संघाचा. त्यात प्रत्येकाला पाच गोळ्यांखेरीज तीन जादा गोळ्या मिळतात, मात्र त्या एकेक करून हाताने भराव्या लागतात. चूक सुधारायची संधी आहे, पण ती फुकट नाही, सेकंद मोजून मिळते.

तुम्ही म्हणाल, यात एवढे कठीण काय? नेमबाजी जगभर चालते, आणि ती तर याहून बारीक असते. हे अगदी खरे आहे. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडी गावच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन आसनांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, हे तुम्हांला ठाऊक आहेच. अंतर तेच ५० मीटर आणि गोळीही त्याच जातीची. पण त्या स्पर्धेत लक्ष्याच्या मधले दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १० मिलिमीटरचे असते. म्हणजे बायथलॉनवाल्याच्या लिंबापुढे ते हरभऱ्याएवढे. नुसता नेम पाहिला, तर स्वप्निल यांचे काम अधिक बारीक.

पण तिथे नेमबाज शांत उभा असतो. त्याने श्वास आवरलेला असतो, नाडी मंद ठेवलेली असते. बायथलॉनचा खेळाडू येतो तो चढ चढून, धापा टाकत. आपली नाडी बसल्या जागी मिनिटाला सत्तरच्या आसपास असते. त्याची १७० ते १८० च्या घरात असते. १८० ठोके म्हणजे सेकंदाला तीन. प्रत्येक ठोक्याबरोबर छाती हलते, दंडाला आवळलेला पट्टा हलतो आणि पट्ट्याबरोबर रायफलही हलते.

ती किती हलली तर बिघडते? पुन्हा त्रैराशिक मांडा. रायफलीची लांबी ढोबळपणे १ मीटर धरा. तिचे टोक १ मिलिमीटर सरकले, तर ५० मीटरवर गोळी ५० मिलिमीटर सरकते. आणि पालथ्या आसनातले लक्ष्य मध्यापासून कडेपर्यंत आहे साडेबावीस मिलिमीटर! म्हणजे नळीचे टोक अर्धा मिलिमीटर हलले तरी गोळी बाहेर. नखाच्या जाडीएवढ्या फरकात सगळा खेळ आहे.

त्यात वारा असतो. चांदमारीवर लहान लहान निशाणे लावलेली असतात. ती कशी फडकतात हे येतानाच पाहून खेळाडूला नेम थोडा डावा-उजवा बसवून घ्यावा लागतो. बोटे गारठलेली असतात. उभ्याने मारताना मांड्या थरथरत असतात आणि जमिनीचा आधार फक्त पायांनाच असतो.

मग थोडे थांबून, श्वास खाली बसू देऊन का मारत नाहीत? कारण थांबलेला प्रत्येक सेकंद घड्याळ मोजत असते. नाडी खरोखर शांत व्हायची तर मिनिटे लागतील, आणि तेवढ्यात शर्यत संपून जाईल. म्हणून चांगला खेळाडू नाडी उतरण्याची वाट पाहत बसत नाही. चांदमारी जवळ आली की तो वेग जरासा आवरतो, एक-दोन खोल श्वास घेतो. मग श्वास सोडला की पुढचा घेण्याआधी जो अगदी लहानसा विसावा असतो, तेवढ्यात बोटाने चाप दाबतो. पुन्हा श्वास, पुन्हा विसावा, पुन्हा चाप. निष्णात खेळाडू चटईवर येऊन पाच गोळ्या मारून अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा वाटेला लागलेले असतात. त्यांचे शरीर शांत झालेले नसते. धडधडत्या शरीराच्या आत एक शांत जागा शोधायची त्यांनी सवय केलेली असते. ही सवय वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. तिला दुसरा मार्ग नाही.

पाहणारे सर्वांत जास्त श्वास रोखतात ते पाचव्या गोळीला. चार वर्तुळे पांढरी झालेली असतात. आता एकच उरले, मग सुटलोच, हा विचार मनात आला की बोट घाई करते. ती घाई दोन-तीन सेकंद वाचवते आणि दंडाची फेरी पंचवीस सेकंद खाते. हिशेब इतका सरळ आहे, तरी मोठमोठे खेळाडू तिथे चुकतात. कारण हिशेब डोक्याला कळतो, बोटाला कळत नाही.

हा खेळ आला कुठून? नॉर्वे, स्वीडन, फिनलंड या देशांत वर्षातले कितीतरी महिने जमीन बर्फाखाली असते. तिथे स्की हा खेळ नव्हता, ती चालण्याची रीत होती. नॉर्वेतल्या हजारो वर्षांपूर्वीच्या शिळाचित्रांतही स्कीवर उभा असलेला माणूस कोरलेला आढळतो. शिकारी स्कीवरून जनावराच्या मागावर जात, आणि सीमेवरचे सैनिकही स्कीवरूनच पहारा करीत. नॉर्वे-स्वीडनच्या सरहद्दीवरच्या पहारेकऱ्यांमध्ये १७६७ साली स्की आणि बंदूक यांची स्पर्धा झाली. या खेळाची ही पहिली नोंद मानतात. पुढे १८६१ साली नॉर्वेतल्या त्रिसिल या गावी स्की आणि नेमबाजी यांचा एक संघ निघाला.

फ्रान्समध्ये शामोनी येथे १९२४ साली पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले. तेव्हा या खेळाचे रूप अजून लष्करीच होते. चार-चार सैनिकांच्या तुकड्या सोबत धावत आणि वाटेत नेम मारीत. सहा तुकड्या सुटल्या, दोघांनी मध्येच शर्यत सोडली आणि स्वित्झर्लंड जिंकले. त्यानंतर १९२८, १९३६ आणि १९४८ साली ही शर्यत नुसती दाखवण्यापुरती झाली. मग तिची तुकडी मोडली आणि एकेकट्या खेळाडूची स्पर्धा घडवली गेली. तिची पहिली जागतिक स्पर्धा १९५८ साली ऑस्ट्रियातल्या साल्फेल्डन येथे भरली. अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीच्या १९६० च्या ऑलिंपिकमध्ये तिला मानाचे स्थान मिळाले.

त्या १९६० च्या शर्यतीची गोष्ट मी मुद्दाम सांगतो. पल्ला २० किलोमीटर, चार ठिकाणी मिळून २० गोळ्या, आणि चुकलेल्या प्रत्येक गोळीला तेव्हा २ मिनिटांचा दंड होता. फ्रान्सचा व्हिक्टर आर्बेझ स्कीवर सर्वांत वेगाने धावला. त्या दिवशी त्याच्या वेगाची बरोबरी कोणालाच करता आली नाही. पण त्याच्या वीसपैकी अठरा गोळ्या चुकल्या. अठरा दुणे छत्तीस; ३६ मिनिटे दंड! तो पार मागे फेकला गेला. स्वीडनचा क्लास लेस्टांडर स्कीच्या वेळात पंधरावा होता. त्याच्या मात्र वीसच्या वीस गोळ्या लागल्या, आणि सुवर्णपदक त्याला मिळाले. ही हकीकत मी वाचली, तेव्हा मला आमच्या मैदानावर खाली बसून दोरा पिळणारी ती मुलगी आठवली.

पण यावरून धावणे गौण आहे, असा अर्थ मात्र काढू नका. पुढे दंड कमी झाला आणि तराजू सारखा झाला. बायथलॉनचे दार ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना १९९२ साली आल्बेरव्हिल येथे उघडले. तिथली पहिली स्प्रिंट आन्फिसा रेझ्त्सोव्हा हिने जिंकली. चार वर्षांपूर्वीच तिने निव्वळ स्कीच्या संघशर्यतीत सुवर्णपदक मिळवले होते. आल्बेरव्हिलला तिचे काही नेम चुकले, दंडाच्या फेऱ्या पडल्या, तरी पायांच्या जोरावर तिने ती भरपाई करून टाकली. दोन्ही बाजू ज्याच्या हाती आल्या असा खेळाडू म्हणजे नॉर्वेचा ओले आयनार ब्यर्नडालेन. सॉल्ट लेक सिटीच्या २००२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने बायथलॉनची चारही सुवर्णपदके पटकावली.

या खेळातली बंदूकही बदलत गेली. सुरुवातीला लष्करी जातीच्या मोठ्या गोळ्या असत आणि लक्ष्ये १०० पासून २५० मीटरपर्यंत दूर असत. पुढे १९७८ साली लहान गोळी आणि ५० मीटरचे अंतर हे कायमचे झाले. आवाज कमी झाला, खर्च उतरला, जागा थोडी पुरू लागली आणि लक्ष्य प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर आले. पहाऱ्याची बंदूक अशी हळूहळू खेळाचे साधन बनली.

ती तशीच राहील, याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. सारायेव्हो शहरात १९८४ साली हिवाळी ऑलिंपिक झाले. त्याची बायथलॉन स्पर्धा शहराजवळच्या इगमान डोंगरावर झाली होती. तिथे जगभरचे खेळाडू एका रेषेत पडून लोखंडी वर्तुळांवर नेम धरीत होते. त्यानंतर आठ वर्षांनी, १९९२ साली, युद्ध पेटले. सारायेव्होला वेढा पडला आणि त्याच इगमानवर खऱ्या गोळ्या सुटू लागल्या. खेळ आणि युद्ध यांच्यामधली रेघ किती बारीक आहे, हे बंदुकीच्या खेळाकडे पाहताना विसरू नये. चांदमारीवर नळी नेहमी लक्ष्याकडे किंवा वर ठेवण्याचे कडक नियम असतात, आणि ते मोडले तर खेळाडूला शर्यतीतून काढून टाकतात. या नियमांचा खरा अर्थ मला त्या डोंगराच्या गोष्टीने समजला.

आता शिक्षकबंधू आणि शिक्षकभगिनींसाठी एक गोष्ट सुचवतो. आपल्याकडे बर्फ पडतो तो गुलमर्गला, औलीला. आपल्या गावी नाही. रायफल तर नकोच. पण या खेळाचे मर्म शिकवायला एक सुई, एक दोरा आणि एक घड्याळ पुरते. निरोगी मुलामुलींची एक जोडी घ्या. बसल्या जागी त्यांची नाडी पंधरा सेकंद मोजून तिला चाराने गुणा. मग सुई ओवायला किती सेकंद लागतात ते लिहा. आता त्यांना मैदानाला दोन फेऱ्या पळवा आणि लगेच पुन्हा नाडी मोजून पुन्हा सुई ओवायला लावा. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. शरीरशास्त्र, गणित आणि खेळ यांचा धडा एकाच तासात होईल. हाच प्रयोग महिनाभर दर आठवड्याला करा, आणि दुसरा आकडा खाली येतो का ते मुलांनाच पाहू द्या.

आणि एक लहानशी सूचना. बायथलॉनमध्ये नेम चुकला की कोणी रागावत नाही, कोणी हसत नाही. फेरी पडते, ती पूर्ण केली की चूक फिटली. मग पुढचा वळसा सगळ्यांसारखाच. तुमच्या मैदानावर एखाद्या मुलाचा दोरा मुडपत असेल, तर त्यालाही तेवढे द्यावे : एक फेरी, आणि पुन्हा सुई.

आमच्या गुरुजींनी मला प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट न पाहता ते दुसऱ्या मुलांकडे वळले. त्यांचे बरोबरच होते. "थांबलास कुठं?" या प्रश्नाचे उत्तर तोंडाने देता येत नाही, ते धापा टाकत असताना हाताने द्यावे लागते.